नवे टायर टाकले आणि स्पोर्ट्स कार बिघडली? आधी हे तपासा

नागपुरात कूलरला नव्या ताट्या लागल्या की माझ्या दुकानात एकाच तक्रारीच्या गाड्या येऊ लागतात. पहिला मोठा पाऊस पडला की त्याच तक्रारीची दुसरी खेप येते. वर्धा रोडच्या बाजूला माझं अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकांचा कोन आणि वजनाचा तोल जुळवण्याचं काम आहे. गाडी दोन दारांची असो की टर्बो हॅचबॅक, वाक्य तेच असतं : "भाऊ, चारही टायर नवे टाकले, महागातले टाकले, पण गाडी पहिल्यासारखी नाही राहिली ना."

लक्षणं अशी असतात :

- वळणावर स्टेअरिंग फिरवलं की गाडी क्षणभर विचार करते, मग वळते.
- ९० ते ११० च्या वेगात स्टेअरिंग किंवा सीट थरथरते, त्याच्या पुढे-मागे थरथर कमी होते.
- स्टेअरिंग सैल धरलं की गाडी एका बाजूला जाते.
- ६० च्या वर घूंऽऽ असा आवाज येतो, बेअरिंग गेल्यासारखा.
- पावसात ब्रेक दाबला की एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) फार लवकर खडखडतो.
- आठ-दहा हजार किलोमीटरमध्ये टायरची आतली कड गोटा होते, बाहेरून मात्र टायर नवाकोरा दिसतो.

यातल्या निम्म्या तक्रारींत टायरचा दोषच नसतो. उरलेल्यांत टायर चांगला असतो, फक्त तो आपल्या गावासाठी बनवलेला नसतो. म्हणून टायरवाल्याशी भांडायला जाण्याआधी खालच्या क्रमाने तपासत या. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

हवा

हसू नका. नवे टायर टाकल्यावर येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं. टायर रिमवर चढवताना त्याची रिमला धरणारी कड जागेवर बसावी म्हणून हवा ४० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) नेतात. टक् असा आवाज आला की कड बसली. मग हवा उतरवून गाडीच्या आकड्यावर आणायची असते. दुकानात चार गाड्यांची रांग असली की ही दुसरी पायरी राहून जाते. गिऱ्हाईक टणक, उड्या मारणारी गाडी घेऊन घरी जातं आणि म्हणतं की टायर कडक निघाले.

दुसरी सवय म्हणजे सगळ्या गाड्यांना सरसकट ३५. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. तिथे दोन ओळी असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक भरल्या गाडीसाठी. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडेही बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांत वेगळे असतात. मागचे टायर रुंद असतील तर ते वाचल्याशिवाय हवा भरूच नका.

आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी, तीही सावलीत. ढोबळ हिशेब असा की तापमान ५ ते ६ अंशांनी बदललं की हवा १ पीएसआयने बदलते. डिसेंबरात पहाटे १२ अंशांत ३३ भरलेली हवा एप्रिलच्या दुपारी ४२ अंशांत नुसत्या उभ्या गाडीत ३८ दाखवेल. मग माणूस घाबरून हवा सोडतो. संध्याकाळी गार झालं की तोच टायर कमी हवेवर चालतो, त्याची बाजू जास्त वाकते आणि वाकण्याने तो आणखी तापतो. उन्हाळ्यात फुटणाऱ्या टायरची गोष्ट पुष्कळदा इथूनच सुरू होते. तापलेल्या टायरमधून हवा कधीही काढायची नाही.

नायट्रोजनबद्दल रोज विचारणा होते. भरा, नुकसान नाही. त्यात ओल कमी असते आणि तो किंचित सावकाश झिरपतो. पण उन्हात तोही साध्या हवेइतकाच फुगतो. 'नायट्रोजन आहे' म्हणून सहा महिने हवा न बघणारे लोक मी पाहिले आहेत.

स्वतःचा गेज घ्या. दोन-तीनशे रुपयांत बरा मिळतो आणि पंपावरच्या मशिनशी वाद घालावा लागत नाही.

टायरची बाजू वाचा

हेही फुकट, फक्त वाकून बसायची तयारी हवी. काही टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर 'आउटसाइड' लिहिलेलं असतं. बाणवाला टायर उलट्या बाजूला बसला की पावसात तो पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढतो. 'आउटसाइड' आत गेलं की वळणावर जोर घेणारे रबराचे जाड गट्टे आतल्या बाजूला राहतात आणि पाणी वाहून नेणाऱ्या खाचा बाहेर येतात. गाडी वळणावर विचार का करते, याचं उत्तर मला अनेकदा असं दारातच मिळालं आहे. रिमवरून टायर काढून पलटायचे, बॅलन्सिंग करायचं, विषय संपला.

मग साइज आणि त्याच्या शेजारचे आकडे बघा. समजा जुन्या टायरवर २२५/४० आर १८ ९२ वाय होतं. यातलं ९२ म्हणजे एका टायरने ६३० किलो वजन पेलायचं, आणि वाय म्हणजे ३०० किलोमीटरच्या वेगापर्यंत तो टिकायला हवा. नव्यावर तीच साइज आहे पण ८८ व्ही असेल, तर वजन ५६० वर आलं आणि वेग २४० वर. नागपुरात २४० कोण चालवतं, हा प्रश्न रास्त आहे. पण वेगाचं अक्षर खरं तर उष्णता सोसण्याच्या ताकदीचं माप आहे. वरच्या अक्षराच्या टायरची बांधणी सहसा घट्ट असते, म्हणून स्टेअरिंगचा जबाबही लवकर मिळतो. दोन अक्षरं खाली उतरलात की तोच नरमपणा हाताला लागतो. वजनाच्या आकड्यात तर गाडीच्या मूळ आकड्याच्या खाली जायचंच नाही.

शेवटी तारीख. 'डॉट'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटचे चार आकडे बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स गाड्यांच्या साइजमध्ये हे फार महत्त्वाचं आहे. जून २०२० पासून केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात प्रतिबंधित यादीत टाकली, परवान्याशिवाय माल येत नाही. त्यामुळे १८-१९ इंची रुंद टायरांचा पुरवठा आखडला आणि जो माल पडून होता तो हळूहळू विकला जाऊ लागला. दोन वर्षं जुना टायर वाईट नसतो, जर तो थंड, अंधाऱ्या जागी असेल. पत्र्याच्या गोदामात नागपूरचे दोन उन्हाळे काढलेला असेल तर मी त्याला हात लावणार नाही. रबर पालथ्या नखाने दाबून बघा, खांद्याजवळ, म्हणजे तळवा आणि बाजू जिथे मिळतात तिथे, केसासारख्या भेगा आहेत का बघा. आयएसआयची खूण नसेल तर तो टायर आला कुठून, हे विचारा.

थोडं चालू द्या

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रवाचा पातळ थर राहिलेला असतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर पकड कमी वाटते, ती त्याने. तेवढे दिवस जपून चालवा, मग मत बनवा. शिवाय जुने टायर झिजून दीड-दोन मिलिमीटरवर आले होते, नव्याला आठेक मिलिमीटर नक्षी, म्हणजे खाचांची खोली, आहे. उंच गट्टे थोडे डुलतातच. झिजलेल्या टायरचं स्टेअरिंग नेहमी धारदार लागतं, पावसात मात्र तोच टायर तुम्हाला दगा देतो.

आवाज टायरचा की रस्त्याचा

ही तपासणी कुठल्या कंपनीच्या पुस्तकात सापडणार नाही, पण नागपुरात हीच आधी करावी. आपल्या शहराचे बहुतेक मोठे रस्ते आता सिमेंटचे आहेत. सिमेंट ओलं असताना त्यावर पकडीसाठी आडव्या रेघा ओढतात, आणि त्या रेघांवरून रुंद टायर गेला की तो गुणगुणतो. जुने टायर गुळगुळीत होते, म्हणून कमी बोलत होते. एखादा सलग डांबरी पट्टा शोधा, त्याच वेगाने, काचा बंद आणि एसीचा पंखा कमी ठेवून जा. डांबरावर आवाज गेला तर तो रस्त्याचा. डांबरावरही राहिला आणि डावी-उजवीकडे हलकं वळताना कमीजास्त झाला, तर बेअरिंगचा संशय घ्या. दोन्ही रस्त्यांवर सारखाच राहिला, तर नक्षीचा.

ओढीचंही तसंच आहे. पाणी निघून जावं म्हणून रस्त्याला डावीकडे उतार असतो, त्यामुळे प्रत्येक गाडी जराशी डावीकडे जाते. रिकाम्या रस्त्यावर उजव्या लेनमध्ये जाऊन बघा. तिथे ओढ थांबली तर तुमचे पैसे वाचले.

तळहात आणि मोबाइल

गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, टायर गार असू द्या. तळहात नक्षीवरून आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय, म्हणजे चाकं एकमेकांना समांतर न राहता थोडी घासत चालली आहेत. हाताला तार लागली तर थांबा, त्या टायरवर दुकानापर्यंतही जायचं नाही.

आतली कड उभ्याने दिसत नाही. मोबाइलचा कॅमेरा चाकाच्या मागे धरून फ्लॅश लावून फोटो काढा. हे दर महिन्याला करा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आतली कड पहिल्यांदा माझ्या लिफ्टवर पाहिलेली असते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग मला आधीच माहीत असतो. नक्षीच्या खाचांत १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. नक्षी तिथपर्यंत आली की कायद्याने टायर संपला. नागपूरच्या जुलैसाठी मी ३ मिलिमीटरलाच संपला म्हणतो, कारण साचलेल्या पाण्यावर तरंगायला रुंद टायरला फार वेग लागत नाही.

अदलाबदल

ओढ अजून आहे आणि टायर बाणवाले नाहीत? पुढची दोन चाकं डावी-उजवी बदला. ओढीची बाजू बदलली तर दोष टायरच्या बांधणीत आहे, दुकानदाराकडे हक्काने जा. बाजू बदलली नाही तर अलाइनमेंट किंवा ब्रेक. जॅक-पाना असेल तर हे घरी होतं, फक्त नट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेला जोर मोजून देणाऱ्या पान्याने बसवा. पायाने उडी मारून घट्ट केलेल्या नटांमुळे ब्रेकची डिस्क वाकडी होते आणि मग थरथरीचा दोष पुन्हा टायरवर येतो.

बॅलन्सिंग

इथून पैसे लागायला लागतात, पण काही शेच. स्टेअरिंग थरथरत असेल तर पुढची चाकं, सीट थरथरत असेल तर मागची. मशिनवर चढवण्याआधी रिमच्या आतला चिखल काढायला सांगा. पावसाळ्यात तिथे मूठभर माती वाळून बसते, आणि मशीन त्या मातीचंच वजन मोजतं. चिकटवलेली वजनं उन्हात आणि प्रेशर वॉशमध्ये गळतात, तेही बघा.

आता माझी फजिती. एका कूपेची थरथर जाईना. मी दोनदा बॅलन्सिंग केलं, तिसऱ्यांदा टायर रिमवर फिरवून बसवला. मालक सभ्य होता, बोलला नाही, पण तिसऱ्या खेपेला चहाही घेतला नाही. शेवटी चाक काढून हबकडे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाकडे बघितलं. रिम बाजारातली होती, तिचं मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं होतं आणि ती फट भरणारी मधली कडी कोणीतरी हरवली होती. चाक फक्त नटांवर लोंबकळत होतं, मध्यावर बसतच नव्हतं. शंभर-दोनशे रुपयांच्या प्लास्टिकच्या कडीने काम झालं. तेव्हापासून मी आधी हब पुसतो, गंज तारेच्या ब्रशने काढतो, कडी बघतो, मगच मशीन सुरू करतो.

आणखी एक. रविवारची गाडी असेल, आठवडाभर झाकून उभी राहत असेल, तर टायर खालून किंचित चपटे होतात. वीसेक किलोमीटर चालून टायर तापले की थरथर गेली पाहिजे. गेली तर विसरा.

अलाइनमेंट

इथे लोक सगळ्यात आधी येतात, म्हणून मी मुद्दाम खाली ठेवलंय. आधी हवा, मग चाकाला हलवून बॉल जॉइंट आणि बुश (चाकाला गाडीशी जोडणारे सांधे आणि त्यांतले रबर), मग अलाइनमेंट. बुश फाटलेला असताना केलेलं अलाइनमेंट गेटच्या बाहेर पडेपर्यंतही टिकत नाही. तरी ते करून देणारे आहेत, कारण गिऱ्हाईक ते मागतं.

आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही कागद मागा. आधीचा कागद नसेल तर काय बिघडलं होतं, ते कुणालाच कळणार नाही. मागच्या चाकांचा टो बदलता येत असेल तर आधी मागचा, मग पुढचा. बऱ्याच ठिकाणी फक्त पुढची चाकं करून पैसे घेतात.

कॅम्बर म्हणजे चाकाचा आत झुकलेला कल. स्पोर्ट्स गाड्यांना तो कंपनीच देते, बहुतेकांना एक-दीड अंशाच्या आसपास, कारण वळणावर टायरचा पूर्ण तळवा रस्त्याला लागायला हवा. म्हणून आतली कड थोडी जास्त झिजणं स्वाभाविक आहे. तो कल शून्य करून मागू नका. कड आठ हजारात जाते ती मुख्यतः टो बिघडल्याने. कॅम्बरने सावकाश जाते. स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी खाली केली असेल तर दोन्ही बिघडतात, आणि मग 'टायर टिकत नाही' हे वाक्य माझ्यासमोर बोलू नका.

सगळं बरोबर आहे, तरी गाडी नरम

आता मूळ दुखण्याकडे येऊ. गेल्या उन्हाळ्यात रामदासपेठेतले एक डॉक्टर आले. गाडी दोन दारांची, जर्मन. शिकागोत राहणाऱ्या भाच्याने सांगितलं म्हणून त्यांनी खटपट करून ऑल-सीझन टायर मिळवले होते. हवा बरोबर, दिशा बरोबर, अलाइनमेंटचा कागद हिरवा. तरी गाडी दुपारी वळणावर लिबलिबीत आणि पहाटे बरी. हा शेवटचा तपशील त्यांनी स्वतः सांगितला आणि माझं काम सोपं केलं.

ऑल-सीझन हे नाव आपल्याला फसवतं. आपण ऐकतो उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. ते नाव ठेवणाऱ्यांच्या मनात बर्फ असतो. सात अंशांच्या खाली तापमान गेलं की समर टायरचं, म्हणजे उबदार हवेसाठी बनवलेल्या टायरचं रबर ताठरतं, पकड सोडतं. शिकागोत वर्षातले कित्येक महिने असे जातात, म्हणून तिथे थंडीतही लवचिक राहणारं रबर आणि बर्फ धरणाऱ्या बारीक चिरा असलेली नक्षी वापरतात. भाच्याचा सल्ला शिकागोसाठी शंभर टक्के बरोबर होता. टायरच्या बाजूला एम+एस लिहिलेलं असतं ते चिखल आणि बर्फासाठी, पण ती खूण कंपनी स्वतःच देते. तीन शिखरं आणि त्यात हिमकण, असं चित्र असेल तर तो टायर बर्फावर तपासलेला असतो.

कॉन्टिनेंटलच्या एका अमेरिकी टायरच्या नक्षीत डी, डब्ल्यू, एस ही अक्षरं कोरलेली असतात. टायर झिजत गेला की आधी एस पुसलं जातं, म्हणजे बर्फाची पकड संपली. मग डब्ल्यू, म्हणजे ओल्या रस्त्याची. मला ही कल्पना फार आवडते. पण नागपुरात ते एस पुसलं गेलं काय आणि राहिलं काय!

आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले आहेत. अशा दुपारी डांबर साठ अंशांच्या पुढे जातं. थंडीसाठी मऊ केलेलं रबर आणि चिरांनी कापलेले गट्टे तिथे डुलतात. गाडी वळणावर विचार करते ती याने. कोरड्या रस्त्यावर थांबायला अंतर जास्त लागतं आणि जोरात चालवलं तर गट्ट्यांच्या कडा लवकर झडतात. आपली थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या काही पहाटा. २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर उतरला होता, पण दहा वाजता ऊन आलंच.

आणि एक गैरसमज, जो मला रोज खोडावा लागतो. 'समर' लिहिलंय म्हणजे पावसात घसरेल, असं लोकांना वाटतं. तसं नाही. चांगला समर स्पोर्ट्स टायर पंचवीस-तीस अंशांच्या पावसात ऑल-सीझनपेक्षा सहसा लवकर थांबतो. त्याचं वैर थंडीशी आहे, पाण्याशी नाही. अट एकच, नक्षी शिल्लक हवी.

मग ऑल-सीझन कुणी घ्यावा? गाडी रोज धरमपेठ ते सिव्हिल लाइन्स अशी शहरातच फिरते, वळणांशी तुम्हाला देणंघेणं नाही, टायर जास्त टिकावा आणि कमी बोलावा एवढंच हवंय, तर खुशाल घ्या. हिवाळ्यात मनालीला गाडीने जाणारे असाल तरीही. चिखलदऱ्याच्या घाटासाठी गाडी ठेवली असेल तर घेऊ नका.

दुसरं टोकही टाळा. बाजूला 'ट्रेडवेअर' म्हणून आकडा असतो. २०० किंवा त्याच्या आसपासचे टायर ट्रॅकच्या जवळचे असतात, घट्ट चिकटतात आणि भरभर संपतात. ४००-५०० चे टिकाऊ, ऑल-सीझन बहुधा या गटात. आपल्या रस्त्यांसाठी मी २८० ते ३४० च्या आसपास बघतो. हा आकडा कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावर करू नका, एकाच कंपनीच्या दोन टायरांची करा. शेजारी 'ट्रॅक्शन'चं अक्षर असतं. ते फक्त ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारण्याचं, वळणाचं त्यात काही नाही. 'टेंपरेचर' ए असलंच पाहिजे. ए म्हणजे १८५ किलोमीटरच्या वरच्या वेगातली उष्णता सोसणारा. समृद्धीवर गाडीला १२० ची मर्यादा आहे, पण मेच्या दुपारी नागपूरहून निघून सिमेंटवर एकाच वेगाने तीन-चार तास न थांबता गेलात तर टायरला गार व्हायला उसंत मिळत नाही. बी आणि सी मी स्पोर्ट्स गाडीला लावून देत नाही.

खड्ड्यांनी हैराण असाल तर रिम एक इंच लहान करायचा विचार करा. २२५/४० आर १८ ची उंची ६३७ मिलिमीटर, २२५/४५ आर १७ ची ६३४. स्पीडोमीटरला फरक जाणवणार नाही, पण रबराची बाजू ९० वरून १०१ मिलिमीटर होते. ते अकरा मिलिमीटर रिम वाचवतात. १७ ची रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून जाते का, हे आधी चाक लावून फिरवून बघा.

दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. मागचं आधी सुटलं तर गाडी फिरते, आणि ते सावरणं बहुतेकांना जमत नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला दोन नवे आणि दोन झिजलेले, असा संसार चालत नाही. घेरातला फरक पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या मधल्या क्लचला रोज खातो.

नवा टायर पारखायचा तर एकच रस्ता, एकच वेळ, तीच माणसं ठेवा. सकाळी थंड हवा लिहून ठेवा, पन्नास किलोमीटर जाऊन आल्यावर लगेच पुन्हा मोजा. चार-पाच पीएसआय वाढली तर ठीक. सात-आठ वाढली तर टायर थंड असतानाच हवा कमी होती किंवा गाडीत वजन जास्त आहे. ६० आणि १०० वरचा आवाज डांबरावर ऐका. दुपारी एकदा आणि पहाटे एकदा त्याच वळणावरून त्याच वेगाने जा. डॉक्टरांना मी हेच करायला लावलं. त्यांनी दोन पहाटा आणि दोन दुपारी काढल्या, वहीत लिहून आणलं, आणि पुढच्या आठवड्यात समर टायर मागवले. ऑल-सीझनचा संच त्यांनी मुलीच्या गाडीला लावायचं म्हटलं, पण साइज जमत नव्हती. तो अजून माझ्या माळ्यावर पडलाय.

इथे थांबा, हात लावू नका

टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. तो दुरुस्त होत नाही, कमी हवेवर चालवता येत नाही, 'आजचा दिवस' चालवता येत नाही. स्टेपनी लावा, नाहीतर गाडी सपाट ट्रकवर टाकून न्या. बाजूला किंवा खांद्यावर पंक्चर असेल तर तेच. मधल्या नक्षीतलं पंक्चर असेल तर टायर उतरवून आतून मशरूम (छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ) लावून घ्या. बाहेरून दोरी घुसवून दिलेलं पंक्चर घरी पोहोचण्यापुरतं समजा.

रिमला तडा असेल, वेल्डिंग करून देतो म्हणणारा असेल, तर नमस्कार करून निघा. वाकलेली रिम सरळ होते, पण ते गरम करून ठोकणाऱ्याचं काम नाही, डायलवर मोजणाऱ्याचं आहे. बॅलन्सिंग दोनदा होऊनही थरथर वाढतच असेल, स्टेअरिंगला खेळ असेल, चाक हलवल्यावर खट्खट् वाजत असेल, तर लिफ्टवर माणूस हवा, तुमचा जॅक पुरणार नाही. लेन सांभाळणारा कॅमेरा असलेल्या गाडीचं अलाइनमेंट झाल्यावर काही वेळा तो कॅमेराही जुळवावा लागतो. त्याचं यंत्र माझ्याकडे नाही, मी अशा गाड्या कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतो. रन-फ्लॅट (पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे) टायर चढवायलाही वेगळं मशीन लागतं. साध्या मशिनवर ओढून चढवले की कड फाटते आणि ती महिनाभराने कळते.

आणि माझ्याकडे येणार असाल तर सकाळी नऊच्या आत या. दुपारी एकला तापलेल्या टायरची हवा मोजून मी तुम्हाला काहीही खरं सांगू शकणार नाही.